‘लॉम द रिओ’ कसा पाहावा : उशिरा येणाऱ्या जंगलाची तयारी

फिलिप द ब्रोका या फ्रेंच दिग्दर्शकाचा 1964 सालचा ‘लॉम द रिओ’ हा चित्रपट पाहायला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी : या चित्रपटातले जंगल उशिरा येते. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली झाडी, नदी आणि मगर यांच्या ओढीने जो प्रेक्षक बसतो तो पहिल्या तासातच चुळबुळू लागतो, आणि जंगल पडद्यावर येईपर्यंत त्याचे अर्धे लक्ष उडालेले असते. ही चूक प्रेक्षकाची नाही, त्याला आधी कोणी सांगितलेले नसते एवढेच. पॅरिस, रिओ द जानेरो आणि ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया ही तीन शहरे ज्याने नीट पाहिली आहेत, त्यालाच शेवटच्या भागातले जंगल खऱ्या अर्थाने दिसते, कारण हा सगळा चित्रपट म्हणजे एका माणसाचे शहरातून अर्धवट बांधलेल्या शहरात आणि तिथून झाडीत धावत जाणे आहे. म्हणून गुप्तधनाच्या कथेपेक्षा नायकाच्या पायांकडे आणि त्याच्या रजेच्या दिवसांकडे लक्ष ठेवून हा चित्रपट पाहावा. घरी चार माणसांसोबत किंवा लहानशा चित्रपट मंडळात तो दाखवायचा असेल तर काय तयारी करावी, ते पुढे सांगितले आहे.

सर्वांत आधी प्रत निवडावी. भारतात शोधताना ‘दॅट मॅन फ्रॉम रिओ’ या इंग्रजी नावाने शोधणे सोयीचे पडते. जुन्या इंग्रजी ध्वनिमुद्रणाची प्रत हाताशी आली तरी ती बाजूला ठेवावी आणि मूळ फ्रेंच संवाद व खाली उपशीर्षके असलेलीच प्रत घ्यावी. या चित्रपटाचा अर्धा विनोद माणसे किती वेगाने बोलतात आणि बोलता बोलता कशी दम टाकतात यात आहे, आणि परक्या आवाजात तो टिकत नाही. चित्राची रुंदी उंचीच्या 1.66 पट आहे, त्यामुळे आजच्या रुंद टीव्हीवर डाव्या-उजव्या कडेला काळ्या पट्ट्या दिसणे हेच योग्य आहे. चित्र पडदाभर पसरलेले दिसत असेल तर एक तर ते ताणलेले असते किंवा वरून-खालून कापलेले असते, आणि उंचावरच्या प्रसंगांत वरचा-खालचा भाग कापला गेला तर उंचीच नाहीशी होते.

रंगांची पारख करायला चित्रपटातच एक सोपी खूण आहे. मध्यावर एक जुन्या घाटाची मोटार येते. ती गुलाबी आहे आणि तिच्यावर हिरवे तारे रंगवले आहेत. त्या काळच्या रंगीत फिती वर्षानुवर्षे पडून राहिल्या की त्यांतले निळे-हिरवे रंग आधी विरतात आणि सगळे चित्र लालसर दिसू लागते. तेव्हा प्रत आदल्या दिवशी चालवून थेट या मोटारीपाशी यावे. तारे स्वच्छ हिरवे दिसले तर निर्धास्त राहावे, आणि ते मातकट करडे दिसले तर दुसरी, दुरुस्त केलेली प्रत शोधावी. पुढे ब्राझिलियाची लाल माती आणि तिच्यावरचे मोठे आकाश ही सगळी गंमत त्याच रंगांवर उभी आहे.

उपशीर्षके बहुधा इंग्रजीच मिळतात. सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुले असतील तर प्रत्येक ओळ त्यांना वाचून दाखवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण त्याने वाचणाऱ्याचाही चित्रपट जातो आणि ऐकणाऱ्याचाही. त्याऐवजी सुरुवात होण्यापूर्वी कथेची मांडणी मराठीत पाच मिनिटांत सांगून टाकावी. ती अशी सांगता येईल. आद्रियाँ हा सैन्यातला एक साधा शिपाई आठ दिवसांच्या रजेवर पॅरिसला येतो. त्याच दिवशी तिथल्या मानववंश संग्रहालयातून, म्हणजे म्युझे द लॉममधून, दक्षिण अमेरिकेतल्या एका प्राचीन संस्कृतीची लहानशी मूर्ती चोरीला जाते. अशा एकूण तीन मूर्ती आहेत. त्या तीन जणांच्या एका मोहिमेत सापडल्या होत्या आणि त्या तिघांपैकी एक जण आता हयात नाही. त्याची मुलगी आन्येस ही आद्रियाँची वाग्दत्त वधू आहे, आणि वडिलांच्या वाट्याची मूर्ती कुठे पुरली आहे हे तिला ठाऊक आहे. आद्रियाँच्या डोळ्यांदेखत तिला पळवून नेले जाते. तो मोटारसायकलवरून विमानतळ गाठतो, तिकीट नसताना त्याच विमानात शिरतो आणि थेट रिओला जाऊन उतरतो. एवढे सांगून थांबावे. त्या मोहिमेतल्या तिघांपैकी कोण कसा निघतो हे सांगू नये.

एक खुलासा मात्र आवर्जून करावा. ज्या ‘माल्टेक’ संस्कृतीच्या मूर्तींसाठी एवढी धावपळ चालते ती संस्कृती लेखकांनी रचलेली आहे, इतिहासात असे लोक नव्हते. शाळकरी मुले अशा गोष्टी खऱ्या धरून चालतात, आणि मोठी माणसेही धरतात.

मराठी प्रेक्षकाला इंग्रजी उपशीर्षकांच्या पलीकडे जाण्याची एक वाट आपल्या भाषेनेच दिलेली आहे. फ्रेंचमध्ये ‘त्यु’ म्हणजे ‘तू’ आणि ‘वू’ म्हणजे ‘तुम्ही’. इंग्रजीत हे दोन्ही एकाच शब्दात बुडतात, पण आपले कान हा फरक जन्मापासून ओळखतात. दोन व्यक्ती एकमेकांशी बोलू लागल्या की हे दोन शब्द कान देऊन ऐकावेत. कोण कोणाशी सलगीने वागतो आणि कोण अंतर राखतो हे खालच्या ओळीपेक्षा लवकर कळते. नावांचे उच्चारही आधी सांगून ठेवावेत, म्हणजे ‘आन्येस’ अशी हाक ऐकू आली की ती कोणाला मारली आहे असा प्रश्न मध्येच उठत नाही. नायकाच्या भूमिकेत झाँ-पॉल बेलमोंदो आहे, आन्येसच्या भूमिकेत फ्राँस्वाज दॉर्लेआक आहे, आणि प्रोफेसर कातालाँ या संशोधकाचे काम झाँ सर्व्हे याने केले आहे.

भिंतीवर जगाचा नकाशा असेल तर उत्तम, नसेल तर कागदावर ढोबळ आकृती काढावी आणि तिच्यावर चार ठिकाणे दाखवावीत : पॅरिस, रिओ, ब्राझिलिया आणि अ‍ॅमेझॉनचे खोरे. पॅरिस ते रिओ हे अंतर 9000 किलोमीटरांहून अधिक आहे, रिओहून ब्राझिलियाला रस्त्याने जायचे तर आणखी हजारावर किलोमीटर पडतात, आणि तिथून खोऱ्याचा मध्य गाठायला पुन्हा तितकेच किंवा त्याहून जास्त. आता या अंतरांसमोर आठ दिवसांची रजा ठेवावी. नायकाला धनाची हाव नाही, कीर्तीची नाही. त्याला आपली वाग्दत्त वधू सोडवायची आहे आणि रजा संपायच्या आत पलटणीत हजर व्हायचे आहे. इतक्या मोठ्या भूगोलाला इतका लहान कालावधी बांधला आहे, आणि या चित्रपटाचा विनोद मुख्यतः या गाठीतून निर्माण होतो.

त्या रजेला 1964 सालच्या फ्रेंच प्रेक्षकाच्या मनात असलेले वजनही थोडक्यात सांगावे. तरुणांना तेव्हा सक्तीची सैनिकी सेवा होती, आणि अल्जीरियाचे युद्ध 1962 मध्ये नुकतेच संपले होते. द ब्रोका स्वतः सैनिकी सेवेत असताना अल्जीरियात चित्रीकरणाचे काम करत होता. रजेवर आलेला गणवेशातला मुलगा हे दृश्य त्या प्रेक्षकांतल्या घराघराला ओळखीचे होते, आणि त्या मुलाला युद्धाऐवजी प्रेमासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाला धावताना पाहण्यात मोठा दिलासा होता असे मला मनापासून वाटते.

पॅरिसचा भाग पाहताना टिनटिनची चित्रपुस्तके वाचलेल्यांनी आपली आठवण जागी ठेवावी. टिनटिनचा निर्माता एर्जे याच्या ‘तुटलेला कान’ या 1937 सालच्या पुस्तकाचा आरंभही संग्रहालयातून मूर्ती चोरीला जाण्यानेच होतो. द ब्रोकाने तिथून केवळ कथेचा धागा घेतला नाही, मांडणीही घेतली आहे. चौकट स्वच्छ असते, माणूस तिच्यात डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, आणि एका चौकटीत एकच क्रिया घडते. घरात मुले असतील तर टिनटिनचे एखादे पान उघडून शेजारी ठेवावे आणि कोणता प्रसंग त्या पानासारखा दिसतो ते त्यांना ओळखू द्यावे. मुलांची नजर यात मोठ्यांपेक्षा तीक्ष्ण असते.

रिओमध्ये एक प्रसंग असा आहे की त्या वेळी खोलीत कोणी बोलू नये. आन्येसला गुंगीचे औषध देऊन एका हॉटेलात वरच्या मजल्यावर ठेवले आहे, आणि आद्रियाँ इमारतीच्या बाहेरच्या अंगाने, भिंतीला पाठ लावून, अरुंद कठड्यावरून एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीकडे सरकतो. खाली रस्त्यावर मोटारी खेळण्यांएवढ्या दिसतात. येथे बेलमोंदोच्या चेहऱ्याकडे आणि हातांच्या बोटांकडे पाहावे. अशी कामे तो शक्यतो स्वतःच करत असे, बदली माणसाला देत नसे, आणि म्हणून दिग्दर्शकाला कॅमेरा दूर नेण्याची किंवा चेहरा लपवण्याची गरज पडली नाही. साहसपटातला नायक सहसा भिंतीवर असा चालतो जणू त्याचा जन्मच तिथे झाला आहे. आद्रियाँला मात्र भीती वाटते, ती दिसते, आणि तरीही पाऊल पुढे पडते. प्रेक्षकाला हसू येते आणि त्याच वेळी तळपायाला घामही फुटतो. हे दोन्ही एकाच क्षणी घडवून आणणे फार थोड्यांना साधले आहे, आणि या चित्रपटाबद्दल मला जे प्रेम आहे त्याचे मूळ याच कठड्यावर आहे.

रिओतच त्याला बूटपॉलिश करणारा एक लहान मुलगा भेटतो. त्याला सगळे सर विन्स्टन म्हणतात. डोंगरउतारावरच्या वस्तीत तो आद्रियाँला आसरा देतो, आणि पुढे आन्येस तिथल्या मुलांसोबत नाचते तो प्रसंग चित्रपटात सर्वांत मोकळा आहे. कथेच्या दृष्टीने तिथे काहीही घडत नाही. दाखवणाऱ्याने वेळ वाचवण्यासाठी तो भाग पुढे ढकलण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

आपल्याकडे मध्यंतराची सवय आहे आणि चित्रपट पावणेदोन तासांच्या वर जातो, म्हणून तो कुठे थांबवावा हेही ठरवून ठेवावे. गुलाबी मोटार रिओ सोडून ब्राझिलियाच्या रस्त्याला लागते तिथे थांबावे. एक भूगोल संपलेला असतो, दुसरा सुरू व्हायचा असतो, आणि चहा घेताना नकाशावर बोट ठेवून पुढचा टप्पा दाखवता येतो. कोणाचा तरी पाठलाग चालू असताना मध्यंतर घेऊ नये.

ब्राझिलियाचा भाग पाहण्यापूर्वी, चहाच्या वेळीच, त्या शहराविषयी दोन गोष्टी सांगाव्यात. राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक यांच्या कारकिर्दीत उजाड पठारावर नवी राजधानी उभी राहिली, लुसियो कोस्ता यांनी तिचा आराखडा केला, ऑस्कर निमायर यांनी तिच्या प्रमुख इमारती रचल्या, आणि 21 एप्रिल 1960 रोजी तिचे उद्घाटन झाले. चित्रपटाचे पथक तिथे पोहोचले तेव्हा उद्घाटन होऊन गेले होते, पण शहर पूर्ण झाले नव्हते. देशाच्या गरीब भागांतून आलेल्या ज्या मजुरांनी ते बांधले त्यांना ‘कांदांगो’ म्हणत. हे ठाऊक असले की पडद्यावर जे दिसते त्याला खोली येते : विस्तीर्ण रस्ते, त्यांवर माणूसच नाही, काचेच्या आणि काँक्रीटच्या पांढऱ्या इमारती, आणि मधे नुसती लाल माती.

या लाल मातीवरून पांढऱ्या कोटातला आद्रियाँ धावतो. मागे पाठलाग करणारे आहेत, आणि लपायला एक झाडही नाही. पाठलागाचे प्रसंग गल्लीबोळांत रचले की दिग्दर्शकाचे काम सोपे होते, वळण आले की नायक दिसेनासा होतो. येथे सगळे उघड्यावर आहे. एडमाँ सेशाँ या छायाचित्रकाराने माणसाला मुद्दाम लहान ठेवले आहे, इतके की इमारतींच्या पायथ्याशी तो एखाद्या पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो, आणि मग तोच ठिपका बांधकामाच्या परांच्यांवर चढू लागतो. हा भाग छोट्या मोबाइलच्या पडद्यावर पाहणे म्हणजे तो न पाहण्यासारखेच आहे. घरातला सर्वांत मोठा पडदा यासाठी राखावा, शक्य असेल तर भिंतीवर चित्र पाडावे, आणि खोलीतले दिवे पूर्ण मालवावेत. पांढरा कोट हळूहळू कसा मळत जातो याकडेही लक्ष ठेवावे. रजेचे दिवस किती उरले हे पुढे पुढे कोणी बोलून दाखवत नाही, पण ते कपड्यांवरून कळते.

आणि आता जंगल. ब्राझिलियाच्या उघड्या पठारावर ज्याने हे धावणे पाहिले आहे त्याच्या लगेच ध्यानात येते की येथे सगळे उलट झाले आहे : तिथे लपायला जागा नव्हती, येथे पाहायला जागा नाही. मोठ्या चौकटी आक्रसतात, पाणी आणि पाने कडेपर्यंत येतात. नदीकाठच्या लोला नावाच्या स्त्रीच्या मद्यालयात होणारी हाणामारी पाहताना अमेरिकी गुराखीपटांतल्या मारामाऱ्या आठवाव्यात, कारण द ब्रोका त्यांचे ऋण उघडपणे फेडतो आहे. पॅराशूट आणि मगर यांचा एक प्रसंग आहे, त्याचे वर्णन करून मी त्याची मजा घालवणार नाही. मुलांना एवढेच सांगावे की डोळे मिटू नका. जंगलाच्या भागात आवाज थोडा वाढवावा. झॉर्ज दलर्यू यांच्या संगीतात शहरांसाठी ब्राझीलच्या तालवाद्यांची लय आहे आणि झाडीत शिरताना ती मागे पडते. पक्षी, पाणी आणि शेवटाकडे दुरून येणारा एक वेगळाच आवाज, हे तिन्ही स्पष्ट ऐकू आले पाहिजेत. तो दुरून येणारा आवाज कशाचा आहे हे कळल्यावर ब्राझिलियाची लाल माती पुन्हा आठवते, आणि शहर व जंगल यांच्यामध्ये दिग्दर्शकाने काय ठेवले होते ते उलगडते. त्या दशकात ब्राझीलमध्ये रस्ते उत्तरेकडे सरकत होते. बेलेम ते ब्राझिलिया हा मार्ग आधीच झाडीतून काढलेला होता, आणि अ‍ॅमेझॉनला आडवा छेदणारा महामार्ग 1970 मध्ये हाती घेतला गेला. हा विनोदी चित्रपट त्या बाबतीत आपल्या काळाच्या पुढे पाहत होता.

चित्रपटानंतर चर्चा ठेवणार असाल तर दोन प्रश्न टाळू नयेत. पहिला जंगलातल्या मूळ रहिवाशांचा. या चित्रपटात त्यांना जवळजवळ स्वतःचा आवाजच नाही. ते झाडीचा एक भाग असल्यासारखे येतात आणि जातात. रिओतल्या सर विन्स्टनला नाव, स्वभाव आणि शहाणपण दिले आहे, मग खोऱ्यातल्या माणसांना का दिले नाही, हा प्रश्न आवडत्या चित्रपटालाही विचारावाच लागतो, आणि तो विचारल्याने चित्रपट लहान होत नाही. दुसरा प्रश्न आन्येसचा. तिला पुन्हा पुन्हा पळवले जाते, त्यामुळे ती केवळ सोडवून आणण्याची वस्तू आहे असे पहिल्या वेळी वाटू शकते. पण तिचे हट्ट, तिचे रुसणे, ऐन संकटात तिचे भलत्याच गोष्टीकडे लक्ष जाणे हे दॉर्लेआकने इतक्या ताज्या मनाने रंगवले आहे की पाठलागाची गती अनेकदा तीच ठरवते. ही अभिनेत्री, प्रसिद्ध फ्रेंच अभिनेत्री काथरीन दनव्हची थोरली बहीण, 1967 मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेली. हे चर्चेच्या शेवटी सांगावे, आधी सांगितले तर तिचे हसणे पाहताना मन जड होते.

पटकथेविषयी कोणी विचारले तर चार नावे सांगावीत : द ब्रोका, झाँ-पॉल रापनो, दानिएल बुलाँझे आणि आरियान म्नुश्किन. चौघांना मिळून मूळ पटकथेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले होते. यातल्या म्नुश्किनबाईंनी त्याच 1964 साली ‘थेआत्र द्यु सोलेय’ ही नाट्यसंस्था स्थापन केली, आणि पुढे त्यांच्या रंगभूमीवर कथकलीसह भारतीय नाट्यपरंपरांचा खोल ठसा उमटला. मराठी नाटकाशी संबंध असलेल्यांनी हे नाव मुद्दाम लक्षात ठेवावे.

स्टीव्हन स्पीलबर्गचा 1981 सालचा इंडियाना जोन्सचा पहिला चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना अनेक ठिकाणी ओळखीच्या खुणा पटतील. पहिल्या वेळी ती तुलना बाजूला ठेवावी. कोणी कोणाकडून काय घेतले याची मोजदाद सुरू झाली की समोरचा माणूस धावताना दिसेनासा होतो.

ती मोजदाद दुसऱ्या वेळी करावी, आणि दुसऱ्यांदा हा चित्रपट अवश्य पाहावा. महिन्याभराने, शक्यतो एकट्याने, उपशीर्षके बंद करून पाहावा. कथा आता ठाऊक असल्यामुळे भाषेवाचून काही अडत नाही, आणि शब्द दूर झाले की शरीरांची भाषा पुढे येते : कोण कसा बसतो, कोण दार कसे उघडतो, आद्रियाँ किती वेळा पडतो आणि किती वेळा न पडता वाचतो. शेवटचा प्रसंग आला की मात्र उपशीर्षके पुन्हा चालू करावीत. आद्रियाँ स्टेशनवर येतो, रजेवर त्याच्यासोबत निघालेला मित्र तिथे भेटतो आणि आपले आठ दिवस कसे गेले ते सांगू लागतो. त्याचे बोलणे शब्दन् शब्द ऐकावे, आणि ते ऐकताना आद्रियाँचा चेहरा पाहावा.